वाळवंट चाक विसरत नाही

प्रिय लेकी,

परवा फोनवर तू म्हणालीस, ‘मावशी, मार्चच्या सुट्टीत भाड्याची आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन आम्ही दुसऱ्या महायुद्धातल्या जनरल पॅटनच्या लष्करी छावण्या बघायला निघालोय, मुक्काम फुकटच्या सरकारी जमिनीवर.’ तेव्हा मी नुसतं ‘वा, जा जा’ म्हटलं. रात्री मात्र झोप लागेना. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या त्या वाळवंटात आम्ही बरेच हिवाळे काढलेत. पहिल्याच खेपेला माझ्या हातून जे झालं ते तुझ्या हातून होऊ नये, म्हणून लिहायला बसले.

आधी तेच सांगते. त्या वर्षी एका जुन्या छावणीच्या कडेला, कुंपण नसलेल्या भागात, आम्ही दिवेलागणीला पोचलो. शेकोटीला कडं करायला दगड हवे होते. मी टॉर्च घेतला आणि जवळचेच दहा-बारा उचलून आणले. सकाळी चहाचा कप घेऊन गाडीच्या पायरीवर बसले, तर समोर दगडांच्या दोन सरळ रांगा. मधे दोन माणसं शेजारी चालतील एवढी वाट. आणि उजव्या रांगेला मोठं खिंडार. ती पायवाट सैनिकांनी आखली होती आणि तिचे दगड माझ्या शेकोटीत होते.

सबंध सकाळ मी ते परत लावत बसले. तिथला दगड उचलून बघितलास तर कळेल, वरून काळा कुळकुळीत आणि पोटाला विटकरी असतो. तो काळा मुलामा चढायला हजारो वर्षं लागतात. सैनिकांनी घाईत उलटे ठेवलेले काही दगड त्या रांगेत अजून विटकरी तोंड वर करून बसलेत. ऐंशी वर्षांत त्यांच्यावर काळेपणा धरलेला नाही. मातीत प्रत्येकाचा खळगा होता, त्यावरून मी एकेकाची जागा शोधली. दोन दगडांची जागा सापडलीच नाही. आणि विस्तवाच्या बाजूला धरलेली काजळी काही पुसली गेली नाही. ती आजही तिथे असेल.

म्हणून जाण्याआधी तिथे काय घडलं ते नीट समजून घे. १९४२ च्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेत जर्मन सेनापती रोमेलचं सैन्य इंग्रजांना मागे रेटत होतं आणि अमेरिकेच्या फौजेला वाळवंटात लढायचा अनुभव नव्हता. जनरल जॉर्ज पॅटन मार्चमध्ये या मुलखाची पाहणी करायला आला. थोड्याच दिवसांत ‘डेझर्ट ट्रेनिंग सेंटर’ उभं राहिलं. पुढे ते कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि नेवाडापर्यंत सुमारे १८,००० चौरस मैलांत पसरलं. मुख्य छावणी कॅम्प यंग. बाकीच्या आयर्न माउंटन, कॉक्सकोम, ग्रॅनाइट, राइस, आयबिस, क्लिपर अशा कितीतरी. पॅटन स्वतः काही महिन्यांतच निघून गेला आणि नोव्हेंबरात मोरोक्कोच्या किनाऱ्यावर उतरला, पण छावण्या १९४४ पर्यंत चालल्या. दहा लाखांच्या आसपास माणसं इथून तयार होऊन गेली असं सांगतात. बहुतेक तुझ्याहून लहान. तंबूत राहायचं, उन्हाळ्यात तापलेल्या रणगाड्यात शिरायचं, पाणी मोजून प्यायचं. असल्या ठिकाणी त्या पोरांनी तंबूंपुढे दगड मांडून अंगण आखलं, रस्ते आखले, आपल्या पलटणीचं चिन्ह जमिनीवर काढलं. आयर्न माउंटनला तर प्रार्थनेसाठी दगडी वेदी बांधल्या, त्या अजून उभ्या आहेत.

मी साताऱ्याकडची. अपशिंग्यासारख्या गावाच्या नावालाच आमच्याकडे ‘मिलिटरी’ लागलेलं आहे. त्याच युद्धात, १९४१ साली, मराठा पलटणी एरिट्रियातल्या केरेनच्या कड्यांवर लढत होत्या. त्यामुळे असेल, पण त्या दगडांच्या रांगांशी मला परकं वाटत नाही. घरापासून लांब पडलेल्या पोराने दारापुढची जागा नीटनेटकी करावी, हे मला कळतं.

आता गाडीचं. एक गोष्ट पक्की धर. जिथे आधी चाकं गेलेली आहेत तिथूनच गाडी न्यायची आणि जिथे आधी कुणी मुक्काम केलेला दिसतो तिथेच लावायची. त्या सपाटीवर खड्यांचा एक थर फरशीसारखा बसलेला असतो. तो मोडला की आपल्या हयातीत परत बसत नाही. रणगाड्यांच्या पट्ट्यांचे माग काही ठिकाणी अजून दिसतात, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तर फार स्पष्ट. तुझ्या चाकांचेही तसेच राहतील. ज्या छावण्यांना कुंपण घातलंय, तिथे गाडी बाहेर लांब ठेवून आत पायी जा.

पहिला मुक्काम सोपा ठेव. आय-१० महामार्गावर एक्झिट १६८ च्या आसपास, जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण दाराबाहेर, बीएलएमची, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याची, मोकळी जमीन आहे. तिथून पाच मैलांवर चिरियाको समिट. जो चिरियाको यांनी १९३३ साली तिथे पेट्रोल पंप आणि खाण्याची सोय सुरू केली, ती आजही चालू आहे. शेजारीच पॅटन संग्रहालय, अंगणात रणगाड्यांची रांग. आत डोंगरदऱ्या उंचसखल घडवून दाखवणारा पाच टनी नकाशा आहे, तो आधी बघून घे. कोलोरॅडो नदीचं पाणी लॉस एंजेलिसकडे आणणाऱ्या कालव्याच्या आखणीसाठी तो केलेला होता. त्यावर एकदा डोंगर नि खोरी ओळखीची झाली की पुढे बाहेर काय बघतोय ते उमगतं.

बीएलएमच्या जमिनीवर साधारणपणे अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवस राहता येतं, मग पंचवीस मैल दूर जावं लागतं. तुम्हाला एवढे दिवस लागणारही नाहीत. शेकोटीसाठी, अगदी गॅसच्या शेगडीसाठीही, कॅलिफोर्नियाचा मोफत परवाना लागतो, तो ऑनलाइन काढून ठेव. आणि भाड्याचा करार शेवटच्या ओळीपर्यंत वाच. पुष्कळ करारांत कच्च्या रस्त्याला मनाई असते. असली तर पक्क्या रस्त्यालगत थांबा आणि पायपीट करा, बिघडत नाही.

जाताना पाम स्प्रिंग्जच्या अलीकडे पवनचक्क्या लागतील तिथे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव. आडवा वारा उंच गाडीला बाजूच्या लेनमध्ये ढकलतो. इंडिओच्या पुढे चढ लागतो आणि एसी बंद करा अशा पाट्या येतात, त्या ऐक. वाळूत गाडी घालण्याआधी खाली उतरून चालून ये. टाच रुतली तर चाक रुतणारच. ओहोळाच्या कोरड्या पात्रात रात्र काढायची नाही, आभाळ कितीही स्वच्छ असलं तरी. पाऊस लांबच्या डोंगरात पडतो आणि पाणी तुमच्याकडे येतं.

रात्री थंडी पडते. हीटर गॅसवर चालत असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर चालतो. रात्रभर लावून ठेवलात तर पहाटे दिवेही लागणार नाहीत. झोपताना बंद करा, रजया जास्त न्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतो का, ते गाडी ताब्यात घेतानाच बटण दाबून बघ. पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर धर, भांड्यांचं वेगळं. सांडपाण्याच्या आणि संडासाच्या टाक्या डम्प स्टेशनवरच रिकाम्या करायच्या. वाळवंटात कुणी बघत नाही म्हणून झडप उघडणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्याशी भांडलेही आहे.

आयर्न माउंटनला जाणार असाल तर हायवे ६२ धरावा लागेल. ट्वेंटीनाइन पाम्स सोडलं की पुढे शंभर मैल पेट्रोल नाही, फोनला रेंजही धड नाही. टाकी भरूनच निघा, आणि कधी परतणार ते मला कळवून ठेव.

जमिनीवर गंजलेला डबा, काडतूस, बिल्ला दिसेल. हात लावू नकोस, फोटो काढ. ती वस्तू तिथे आहे म्हणून तिला अर्थ आहे, तुझ्या शेल्फवर ती भंगार होईल. शिवाय उचलणं कायद्यानेही गुन्हा आहे. आणि नळकांड्यासारखं, पंख असलेलं काही दिसलं तर जवळही जाऊ नकोस. तिथे खऱ्या दारूगोळ्याचा सराव चालायचा, न फुटलेला माल अजून सापडतो. आल्या पावली मागे फिर, जागा लक्षात ठेव, ९११ या आणीबाणीच्या नंबरला कळव.

मार्चमध्ये कासवं बिळाबाहेर येतात. सावली बघून ती गाडीखाली बसतात, म्हणून इंजिन सुरू करण्याआधी दर वेळी वाकून चाकांपाशी बघायचं. दिसलं तर ते आपणहून जाईपर्यंत थांबायचं. उचललं की ते घाबरून मूत्राशयात साठवलेलं पाणी सोडून देतं. पुढच्या पावसापर्यंत तेच त्याचं पाणी असतं, आणि त्यावाचून ते मरूही शकतं.

सरपण घरूनच न्या. शेकोटीसाठी आमचं जुनं लोखंडी घमेलं आहे, त्यात जाळलंत तर एकही दगड हलवावा लागणार नाही. घमेलं, पाण्याचे दोन कॅन आणि चाकाखाली घालायचे लाकडी ठोकळे गॅरेजमध्ये दाराजवळच काढून ठेवलेत. शनिवारी सकाळी ये, जेवूनच जा.

तुझी,
मावशी