तडजोडीचे पंधरा लाख आणि एजंटची नवी पॉलिसी

सांगलीहून एका ताईंचं पत्र आहे. मिस्टरांची 25 लाखांची टर्म पॉलिसी नोव्हेंबर 2019 ची, ते गेले फेब्रुवारी 2024 मध्ये. शुगर लपवली म्हणून कंपनीने क्लेम नाकारला. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालू आहे. आता कंपनी म्हणते, खासगी मध्यस्थासमोर बसू, 15 लाख देतो. घ्यावेत का? शेवटी जाता जाता लिहिलंय : "एजंट म्हणतात, त्यातून वर्षाला दीड लाखाची गॅरंटीड पॉलिसी घ्या. दहा हप्ते भरा, पंधराव्या वर्षी 25 लाख. मिस्टरांचा फॉर्मही त्यांनीच भरला होता."

ताई, आधी हे शेवटचं. दहा वर्षांत सगळे 15 लाख त्यात जाणार आणि परतावा पडतो जेमतेम 5 टक्के. मुलगी आज 11 वर्षांची. कॉलेजची फी सात वर्षांनी लागेल, पैसे मिळतील ती 26 ची झाल्यावर. मग ही पॉलिसी शिक्षणासाठी कशी? मध्येच हप्ते थांबवले, तर सरेंडर करताना भरलेल्यातलेही पैसे कापले जातील. आणि ज्यांनी शुगरच्या रकान्यात "नाही" लिहून सह्या घेतल्या, त्यांच्याच हातात पुन्हा चेक देणार? मला हे वाचून फार वाईट वाटलं. नाही म्हणा, आजच.

त्यापेक्षा 9 लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवा. 7.4 टक्क्यांनी महिन्याला साडेपाच हजार येतील. बाकीचे फीच्या वर्षाला मुदत संपेल अशा बेताने एफडीत. आणि घरात कमावत्या आता तुम्ही एकट्याच, तर स्वतःची साधी टर्म पॉलिसी काढा. फॉर्म स्वतः भरा, आजार असेल तो लिहा.

आता तडजोड. विमा कायद्याचं कलम 45 सांगतं की तीन वर्षं उलटल्यावर आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कुठल्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. तुमची सव्वाचार वर्षं झाली होती! फक्त एक बघा : हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा चालू केली, असं झालं होतं का? मग तीन वर्षं त्या तारखेपासून मोजतात. तसं झालं असेल आणि तीन वर्षं भरली नसतील, तर 15 लाख वाईट नाहीत. झालं नसेल, तर 15 ला सही करू नका. आज मिळालेले 15 लाख 7 टक्क्यांनी तीन वर्षांत साडेअठरा होतात, म्हणजे निकालाला तीन वर्षं लागली तरी 25 लाखांची बाजू जड. वर व्याजाचा आदेश झाला तर ते वेगळं.

मध्यस्थाकडे जा जरूर. पटलं नाही तर उठून यायची मुभा असते, तक्रार जिवंत राहते. त्याची फी कंपनीने भरावी, हे आधी लेखी घ्या. माझ्या मते 22 च्या खाली उतरू नये. ठरलं तर "फुल अँड फायनल" (म्हणजे यापुढे काही मागणार नाही, अशा) कागदावर परस्पर सही नको. वकिलांकरवी तडजोडीच्या अटी आयोगासमोर दाखल करा, त्यात पैसे देण्याची तारीख आणि उशीर झाल्यास व्याज लिहून घ्या, आणि त्यावर आयोगाचा आदेश घ्या. आदेश हातात असला की कंपनीने पैसे थकवले तरी वसुली आयोगामार्फतच करता येते.