सातव्या महिन्यात यादीतून गळणाऱ्या बायका

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली आहे. दोन वर्षं प्रसूती वॉर्डात नोकरी केली, मग ती सोडून गरोदरपणातल्या तपासण्यांवरच्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या कंत्राटावर लागली. चाळीस गरोदर बायकांना दर महिन्याला घरी जाऊन भेटायचं होतं. शेवटपर्यंत तेवीसच टिकल्या. तेव्हापासून ती स्वतःलाच दोष देते. सुटलेल्या सतराजणींची वही अजून उशाशी असते. आणि तरी म्हणते, याच संशोधनात पुढे शिकायचं. तिने पालिकेच्या नर्सभरतीचा अभ्यास करावा असं आम्हाला वाटतं. काय करावं?
– एक आई, भांडुप

ताई, नमस्कार.

आधी त्या सतराजणींचं बोलू. त्या का सुटल्या हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण अंदाज बांधता येतो. काहीजणी ओटी भरून झाल्यावर माहेरी गेल्या असतील. कुणाचा अकरा महिन्यांचा करार संपला आणि बिऱ्हाड कळव्याला हललं. दिलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा, आणि नवरा रात्रपाळीला. मीही त्यातलीच. पहिल्या वेळी सातव्या महिन्यात मी चिपळूणला गेले. मुंबईतल्या केसपेपरवर माझी शेवटची नोंद त्याच महिन्याची. मुलगी झाली, सव्वातीन किलोची झाली, हे त्या केसपेपरला आजतागायत कळलेलं नाही!

मोठमोठ्या अभ्यासांचंही हेच होतं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक प्रयोग झाला होता. बायकांना गरोदर राहण्याच्या आधीपासून रोज खाऊ द्यायचा, अर्ध्यांना पालेभाजी-फळं-दुधाचा आणि अर्ध्यांना बटाट्या-कांद्यासारख्या साध्या जिनसांचा. निकाल २०१४ साली छापून आला. सुरुवातीला ६,५१३ बायका होत्या, त्यातल्या २,२९१ गरोदर राहिल्या आणि जन्मल्यावर मापं घेता आली ती १,३६० बाळांची. सगळ्या मिळून पाहिल्या तर वजनात ठाम फरक दिसला नाही. पण ज्यांचा खाऊ गरोदरपणाच्या निदान तीन महिने आधी सुरू झाला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. म्हणजे बाईला गाठायचं ते दिवस जाण्याच्याही आधी. आणि आपल्याकडे तर तिसरा महिना उलटेपर्यंत शेजारणीलाही सांगत नाहीत.

लेकीला सांगा, चाळिसातल्या तेवीस म्हणजे नापास नव्हे.

आता ती खरंच या कामाची आहे का, ते ताडायला तिला एक कोडं घाला. एका तक्त्यात असं दिसतं की ज्यांच्या तपासण्या जास्त झाल्या, त्यांची बाळं पूर्ण दिवसांची. तर तपासण्यांमुळे बाळं पूर्ण दिवसांची झाली असं म्हणावं का? दोन मिनिटं थांबून ती म्हणाली, "अगं आई, जी सातव्यातच बाळंत झाली तिच्या आठ तपासण्या होणार कधी?" तर मला पुढचं काही विचारायचं नाही. उलट्या बाजूनेही फसगत होते. जिचा बीपी वाढलाय तिला डॉक्टर दर आठवड्याला बोलावतात, मग कागदावर दिसतं की जास्त तपासण्या म्हणजे जास्त गुंतागुंत. हे आकडेमोडवाल्याला शिकवावं लागतं. वॉर्डात दोन वर्षं उभी राहिलेल्या मुलीला ते डोळ्यांनी ठाऊक असतं.

तारखांचंही तसंच. शेवटची पाळी कधी आली, तर "गणपतीच्या आधी". आधी म्हणजे चार दिवस की तीन आठवडे? तेवढ्या फरकाने पूर्ण दिवसांचं बाळ अपुऱ्या दिवसांचं ठरतं. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून दिवस बरेच नेमके कळतात, पण तोवर बाई दवाखान्यात आलेलीच नसते. आणि सोनोग्राफी म्हटली की १९९४चा लिंगनिदानविरोधी कायदा आला, गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद करायचा एफ फॉर्म आला. अठरा वर्षांखालची मुलगी गरोदर आढळली तर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, कळवणं बंधनकारक आहे. तुमच्या लेकीला घरोघरी फिरताना हा प्रसंग आला असेल-नसेल, पुढे येईल. अशा वेळी काय करायचं हे ज्या प्रकल्पात पहिल्याच दिवशी सांगत नाहीत, तिथे तिने नोकरी धरू नये.

शिक्षणाचं म्हणाल तर लांब जायला नको. कुर्ल्याला हार्बर पकडली की तिसरं स्टेशन गोवंडी. देवनारला टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, आहे, तिथे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच, करता येते. जवळच आयआयपीएस ही लोकसंख्येच्या अभ्यासाची संस्था. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची सूत्रं तिच्याकडेच असतात. २०१९–२१च्या पाहणीत देशातल्या ५८ टक्के मातांनी निदान चार तपासण्या झाल्याचं सांगितलं. 'सांगितलं' हा शब्द लेकीला नीट वाचायला लावा. पाहणीच्या आधीच्या पाच वर्षांतल्या शेवटच्या बाळंतपणाबद्दल विचारतात, आणि कुठली गोळी किती दिवस घेतली हे तीन वर्षांनी कुणाच्या लक्षात राहतं? माझं मत एमपीएचच्या बाजूने आहे. आयआयपीएसचे अभ्यासक्रम उत्तम आहेत, पण ते आकड्यांवर जीव असलेल्यांसाठी. संख्याशास्त्र मात्र कुठेही गेली तरी टळत नाही, त्याची तयारी आतापासून करावी.

पैशांचं उघड बोलते, कारण तुमची खरी काळजी तीच असावी. प्रकल्पातल्या नोकऱ्या निधी असेपर्यंतच्या. पालिकेच्या नोकरीतली शाश्वती इथे नाही, पुढची बरीच वर्षं नसेल. म्हणून नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन वेळच्या वेळी नूतनीकरण करून जिवंत ठेवायचं, आणि पालिकेची जाहिरात आली तर फॉर्म भरायचा. निवड झाली तर तेव्हा ठरवा. पालिकेच्या प्रसूतिगृहात पाच वर्षं काढून मग संशोधनाकडे वळली, तरी बिघडत काही नाही.

राहता राहिली ती उशाशी असलेली वही. तीत नावं आणि पत्ते असणार. ती घरात ठेवायची नाही, ताई. त्या बायकांनी माहिती अभ्यासाला दिली होती, भांडुपच्या घराला नव्हे. या आठवड्यात ती संस्थेत परत करू द्या. त्याआधी साध्या दोनशे पानीत तिने स्वतःपुरतं एवढंच लिहून घ्यावं : कितव्या महिन्यात सुटली, आणि तिच्या अंदाजाने का. नाव नाही, गल्ली नाही, फोन नाही. प्रवेशाच्या मुलाखतीला जाताना पिशवीत ही दुसरी वही असू द्या.