पुण्यात मॅरेथॉन पूर्ण केली, पण घड्याळात 42.7 किमी दिसतंय. मार्ग चुकीचा मोजला होता का?

बहुधा नाही, मॅरेथॉनच्या 42.195 किमीपेक्षा जास्तीचं अर्धा किलोमीटर काही तुमच्या पायांनी आणि काही घड्याळाने वाढवलंय. प्रमाणित (अधिकृतपणे मोजून मान्य केलेला) मार्ग मोजताना चाकाचे फेरे मोजणारा खास काउंटर बसवलेली सायकल वळणाच्या कडेपासून फक्त 30 सेंटिमीटरवरून, म्हणजे सर्वांत जवळच्या रेषेने नेतात. शिवाय मार्ग कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरतात, म्हणजे तिथेच 42 मीटर वाढले. ती रेषा गर्दीत कोणाला मिळते? काटकोनातलं वळण तीन मीटर बाहेरून घेतलं की साडेचार मीटरच्या वर जादा, यू-टर्नला त्याच्या दुप्पट. पाण्याच्या टेबलाकडे तिरकं जाणं वेगळंच. त्यात कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या पुलाखाली किंवा दाट झाडीखाली जीपीएसचा सिग्नल अडतो, परावर्तित होतो आणि नकाशावर तुम्ही नागमोडी धावलेले दिसता.

मात्र हे सगळं लागू होतं ते मार्ग प्रमाणित असेल तरच. हौशी स्पर्धांमध्ये आयोजक कधीकधी गाडीच्या मीटरवर भागवतात, तिथे तुमची शंका रास्त आहे. पुढच्या वेळी घड्याळातलं ऑटो-लॅप (दर किलोमीटरची वेळ आपोआप नोंदवणारी सोय) बंद करा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः बटण दाबा. वेगाचा हिशेब त्यावरूनच धरा.