गाडीची देखभाल शिकायला तिचं मॅन्युअल घेतलंस, आता सुरुवात कुठून?
पहिल्या पानापासून वाचत बसू नकोस, कंटाळशील. आधी इंजिन ऑइलचा ग्रेड आणि कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, प्रकार दिलेलं पान शोध.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो, म्हणून मी कूलंट आधी शिकायला सांगेन. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही; आतलं कूलंट दाबाखाली असतं, उसळून अंगावर येतं. सकाळी गाडी थंड असताना कूलंटच्या टाकीवरच्या दोन खुणांमधली पातळी बघ. वरचेवर कमी होत असेल तर गळती आहे, नुसतं भरत राहू नकोस. बोअरचं पाणी तर अजिबात नको, क्षार साचतात.

ऑइल बघताना गाडी सपाट जागी हवी. इंजिन बंद करून थोडं थांब, डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पुसून परत घाल, मग बाहेर काढून पातळी वाच.

एअर फिल्टर कधी बदलायचा यासाठी बहुतेक मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यांचा वेगळा तक्ता असतो. आपला तोच!

टायरची हवा दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भर. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. ब्रेकचं काम मात्र सध्या मेस्त्रीकडेच. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, कितीही घाई असो.