पहिल्यांदा सुटा पानांचा चहा आणि माचा (हिरव्या चहाची जपानी धाटणीची बारीक पूड) मागवताय? एवढं बघा

भाऊ, पहिली ऑर्डर 50 ग्रॅमच्या वर नको. अर्ध्या किलोवर सूट दिसते आणि नवा माणूस तिथंच फसतो.

- पाकिटावर तोडणीचा हंगाम आणि साल हवं. दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश, म्हणजे वर्षाची पहिली तोडणी, मार्च-एप्रिलचा, हलका. सेकंड फ्लश मे-जूनचा, जास्त भरदार. नुसतंच 'प्रीमियम' लिहिलं असेल तर पुढं चला.
- दुधाच्या कडक चहाची सवय असेल तर आसामच्या ऑर्थोडॉक्स (दाणेदार न करता वळलेल्या) पानापासून सुरुवात करा.
- माचाचा हवाबंद डबा 20-30 ग्रॅमचाच घ्या. घटकांत साखर किंवा दूध पावडर दिसली तर घेऊ नका. साधी ग्रीन टी पावडर म्हणजे माचा नाही. माचाची पानं तोडणीआधी काही आठवडे सावलीत वाढवतात. पूड चमकदार हिरवी हवी, पिवळट नको. डब्यावरच्या 'सेरेमोनियल' (उंची दर्जाचा) या शब्दाला कुठलंही ठरलेलं प्रमाण नाही, त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका.

आता आपल्या नागपूरचं. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो आणि उष्णता माचाचा मोठा शत्रू. शक्यतो हिवाळ्यात मागवा. उन्हाळ्यात मागवलाच तर पार्सल गेटवर उन्हात पडू देऊ नका, आल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडू नका. गार पुडीला ओल धरते, गुठळ्या होतात.

आणि उकळतं पाणी ओतू नका, माचा कडू होतो. 75-80 अंश पुरे. पूड आधी चहाच्या गाळणीतून चाळा. बांबूची घुसळणी नंतर कधीतरी विकत घ्या.

पहिलं पाकीट संपलं की काय आवडलं ते सांगा, मग ऊलाँगकडे (हिरव्या आणि काळ्याच्या मधल्या चहाकडे) वळू.