फिश रिव्हर कॅन्यन: एक नाही, दोन रात्री राहा

जुलैत आई-बाबांना घेऊन नामिबियाला जाताय आणि फिश रिव्हर कॅन्यन या खोल दरीजवळच्या साध्या लॉजवर एक रात्र पुरेल का, असं विचारलंय. माझं ऐका, दोन रात्री ठेवा. राजधानी विंडहुकहून कीटमान्सहूप हे वाटेतलं गावच पाचशे किलोमीटर आहे. तिथून पुढे खडीचे रस्ते लागतात, त्यामुळे पोहोचेपर्यंत माणूस थकतो. तो दिवस नुसता आरामाचा धरा.

खरी मजा दुसऱ्या सकाळी. होबास या कॅम्पकडचा मुख्य व्ह्यूपॉइंट दरीच्या पूर्व काठावर आहे, म्हणजे ऊन आपल्या पाठीमागून येतं. जुलैत सूर्य साडेसातनंतरच उगवतो. आधी समोरच्या कड्याचा फक्त माथा तांबूस होतो, मग तो रंग एकेक थर खाली उतरत जातो आणि अगदी शेवटी तळाशी नदीची वळणं दिसू लागतात. दरी साधारण १६० किलोमीटर लांब आणि ५५० मीटरपर्यंत खोल आहे, पण ती खोली कळते या उतरत्या उन्हामुळेच. दुपारी सगळं सपाट, पांढुरकं दिसतं. गाडी जवळपर्यंत जाते आणि वर छप्पर आहे, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांची काळजी नको. खाली उतरायचा विचार मात्र मनात आणू नका. तो ८५ किलोमीटरचा ट्रेक वेगळा, त्याला परवाना आणि डॉक्टरांचा दाखला लागतो.

लॉजच्या खोल्या दगडी असतात. दिवसा छान वाटतात, पण रात्री फरशी बर्फासारखी. आईंसाठी लोकरीचे मोजे आणि कानटोपी घ्याच. जेवणात हरणाचं मांस हमखास असतं, म्हणून शाकाहारी आहात हे बुकिंग करतानाच लिहून कळवा. आम्ही सोबत खाकरे आणि मेतकूट नेलं होतं, खूप उपयोग झाला.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची. खडीवर ताशी साठ-सत्तरच्या वर जाऊ नका, स्टेपनी दोन मागा, आणि टायर-काच विम्यात येतात का ते सही करण्याआधी वाचा. आमचा टायर भर दुपारी फाटला, तासभर रस्त्यावर दुसरी गाडी दिसली नाही. पाणी भरपूर ठेवा. अंधारात गाडी अजिबात चालवू नका, कुडू नावाची मोठी हरणं अचानक आडवी येतात.

आणि जेवण झालं की दिवे मालवून दोघांना अंगणात खुर्चीवर बसवा. आपल्याकडे दक्षिणेला अर्ध्यावर दिसणारी ज्येष्ठाची चांदणी तिथे दहाच्या सुमारास थेट डोक्यावर येते, अख्ख्या वृश्चिकासकट. माझी आई शाल गुंडाळून बराच वेळ वर बघत बसली होती, उठायलाच तयार नव्हती.