फाईल अडकते ती प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात

तासगावच्या आपल्या मित्राचा प्रश्न असा आहे की वडील वारले, वारस नोंदीचा अर्ज दिला, आणि दर खेपेला तलाठी ऑफिसात नवीनच कागद मागतायत, तर हे सगळं एकदाचं ऑनलाइन करून टाकलं तर सुटणार नाही का. भावा, मी सांगली जिल्ह्यात महसूलमधनं अव्वल कारकून म्हणून रिटायर झालोय त्यामुळं टेबलाच्या पलीकडचं सांगतो. थोडं सुटलंय, पण सगळं नाही सुटणार.

जिथं कुणाला काही ठरवायचं नसतं तिथं ऑनलाइननं खरंच काम केलं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो, त्यासाठी आधी तलाठ्याला गावोगाव शोधायला लागायचं. वारस नोंदीचं तसं नाही, तिथं चौकशी आहे. आधी गाव नमुना ६क ला, म्हणजे वारसांच्या रजिस्टरला, वारसांची नोंद, मग नमुना ६ ला फेरफार, म्हणजे मालकी हक्कातल्या बदलाची नोंद, नोटीस, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार. अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवरनं गेला काय नि हातानं दिला काय, मधली माणसं तीच आणि त्रुटी काढायची सवय पण तीच.

आता त्या त्रुटीची गंमत बघ. तालुक्याच्या कचेरीत दप्तर सहा गठ्ठ्यांत लावायची पद्धत आहे, म्हणजे चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन (बाहेरनं उत्तर यायचंय अशी), नियतकालिकं (ठराविक मुदतीनं पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश, रेकॉर्ड रूमला पाठवायची आणि नाश करायची. साहेब विचारतात ते पहिल्या गठ्ठ्याचं. त्रुटीचं एक पत्र काढलं की फाईल उडी मारून दुसऱ्या गठ्ठ्यात जाते, "पूर्तता अपेक्षित", आणि महिन्याच्या गोषवाऱ्यात टेबल स्वच्छ दिसतं! तू कागद आणून दिलास की ती परत पहिल्यात, मग अजून एक त्रुटी, परत दुसऱ्यात. २००५ चा दप्तर दिरंगाईचा कायदा सांगतो की कुठल्याही कर्मचाऱ्याकडं फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, पण फाईल अशी टोलवत ठेवली तर कागदोपत्री ती पडून राहतच नाही ना. काहीजण हे पैशासाठी करतात, खोटं कशाला बोलू. पण बरेचजण नुसते दमलेले असतात, एका माणसाकडं दोन सजांचा, म्हणजे दोन तलाठ्यांच्या गावांचा चार्ज, त्यात निवडणूक, अवकाळीचे पंचनामे, मग हातातलं ओझं तात्पुरतं उतरवायचा सोपा रस्ता म्हणजे त्रुटी.

म्हणून मला विचारशील तर नवीन ॲपच्या आधी एकच नियम कडक करा, त्रुटी काढायच्या तर सगळ्या एकदाच आणि लेखी, दुसऱ्यांदा काढली तर वरच्याची सही लागेल. आणि तपासणीला साहेबांनी प्रतीक्षाधीन गठ्ठा आधी उघडायचा. हे काय आभाळातनं पडलेलं नाही, ऐंशीच्या दशकात अनिलकुमार लखिना नगरला कलेक्टर असताना त्यांनी दप्तर आणि टेबलांची रचना बदलून दाखवली, लखिना पॅटर्न म्हणून अजून नाव घेतात. नंतर चंद्रकांत दळवी पुण्याला विभागीय आयुक्त असताना त्यांनी झिरो पेंडन्सी, म्हणजे काहीच प्रलंबित न ठेवायची मोहीम आणली, आपले सातारचेच, खटाव तालुक्यातल्या निढळचे. गठ्ठे तेव्हा खरंच मोकळे झाले. साहेब गेले की परत साचतं हा मात्र आमच्याकडचा जुना रोग.

दुसरं म्हणजे नंबर दिसू दे. साखर कारखान्याला लागणीच्या तारखेची नोंद असते, तोड त्याच क्रमानं आली पाहिजे हे पोराटोरांना ठाऊक असतं, मधी कोण घुसला तर अख्खं गाव ओरडतं. कचेरीत आपला अर्ज कितवा आहे हेच कळत नाही, मग ओरडणार कोण? एजंटाचा धंदा त्या अंधारावरच चालतो.

आता तुझ्यापुरतं. अर्जाची पोच घे, नंबर आणि तारखेसह, पोच न घेता दिलेल्या कागदाला कुठलीच मुदत लागू होत नाही. मृत्यू दाखल्यावरचं नाव आणि सातबारावरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का बघ, निम्म्या त्रुटी तिथनंच निघतात. शपथपत्रात सगळे वारस घाल, लग्न झालेल्या बहिणीपण! ती नावं गाळली आणि त्यातल्या एकीनं हरकत घेतली तर प्रकरण तक्रार नोंदीत जातं आणि मग वर्षाची गोष्ट. त्रुटी सांगितली तर लेखी द्या म्हण, शांतपणे, आवाज न चढवता.

उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतात, तिथं मुदत संपली की ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, तिसरं थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडं, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. अपील आपले सरकार पोर्टलवरनं होतं, वकील लागत नाही. लोक करत नाहीत कारण परत त्याच खिडकीवर जायचं असतं, ते मला पण कळतं. पण अपील टाकल्यावर फाईल बहुतेक सुनावणीच्या आधीच हलते, हे मी टेबलावर बसून बघितलंय.

आणि तुझी नोंद तरीही हलली नाही तर लोकशाही दिन आहे, त्या दिवशी साहेब लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात, तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याला पहिल्या. अर्ज आधीच द्यावा लागतो, आयत्या वेळी जाऊन उपयोग नाही. जाताना पोच आणि ती लेखी त्रुटी दोन्हींच्या झेरॉक्स बरोबर ठेव.